सात शिकारी सुऱ्या आणि अठरा वाटे

३१ ऑगस्ट, पुणे

सकाळी चहाचा कप उलटा धरून त्याच्या बुडावर सुरीला धार लावत होते, तेव्हा नणंदेचा फोन आला. सुरी साधी आहे, पिवळ्या प्लास्टिकच्या मुठीची, भाजीवाल्याच्या शेजारच्या गाड्यावर मिळते तसली. दर आठवड्याला कपावर दहा वेळा इकडून, दहा वेळा तिकडून घासली की ती टोमॅटोपासून कोंबडीपर्यंत काहीही कापते. माझ्या मते सुरीबद्दल याहून जास्त बोलण्यासारखं काही नसतं. पुढच्या चार दिवसांत मला या विषयावर बरंच ऐकावं लागलं.

"वंदना, पोळ्याले ये," कुसुमताई म्हणाल्या. "अन् तुझी पिवळी सुरी घेऊन ये."

कुसुमताई माझी थोरली नणंद. मूळच्या पुण्याच्या, पण लग्न होऊन यवतमाळ जिल्ह्यात गेल्याला तीस वर्षं झाली आणि आता त्यांच्या बोलण्यात पुण्याचं काही शिल्लक नाही.

"सुरी कशाला?"

"शब्बीरभाईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. अन् ह्याईनं गावासमोर कबूल केलं, वाटे मी घालतो म्हनून."

"मग?"

"मग काय? ये, अन् थांबव ह्याईले."

जे तिकडे गेलेले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. विदर्भात पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे कर. पोळ्याला बैलांची पूजा आणि पुरणपोळी, करीला मटण. ताईंच्या गावात अठरा घरं मिळून दोन बोकड घेतात आणि मटणाचे अठरा सारखे वाटे घालतात. तराजू वापरत नाहीत. तराजू आणला म्हणजे वाटे घालणाऱ्यावर संशय घेतला असं होतं. नुसत्या नजरेने प्रत्येक वाट्यात कलेजीचा तुकडा, एक नळी, थोडी चरबी, थोडी चाप असं सगळं पडायला हवं. काही वर्षांपूर्वी एका वाट्यात कलेजी पडली नाही. तेवढ्यावरून गावाचे दोन तट पडले, दोन्हीकडे वेगळे बोकड कापले जाऊ लागले आणि माणसं एकमेकांच्या लग्नाला जाईनाशी झाली. शेवटी मुकुटबनचे खाटीक शब्बीरभाई म्हणाले, एकत्र असाल तर मी येईन, नाहीतर दुसरा माणूस बघा. शब्बीरभाईंइतका चोख वाटा कोणी घालत नाही, म्हणून गाव पुन्हा एक झालं.

आणि आता शब्बीरभाईंच्या जागी माझे नंदावे, म्हणजे ताईंचे यजमान दिवाकरराव वाटे घालणार होते.

मी एका रुग्णालयात ऑपरेशन थिएटरची सिस्टर आहे. सत्तावीस वर्षं डॉक्टरांच्या हातात सुऱ्या देते आणि मोजून परत घेते. देणं सोपं असतं. परत घेणं हे खरं काम. मी रजेचा अर्ज टाकला, पिवळी सुरी वर्तमानपत्रात गुंडाळली आणि निघाले. नवऱ्याने विचारलं, "तिकडे सुऱ्या मिळत नाहीत का?" मी म्हटलं, "तिकडे जास्त झाल्या आहेत."

१ सप्टेंबर, मुकुटबनच्या अलीकडे

पुणे ते पांढरकवडा या प्रवासाबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की बसायला जागा होती. पुढे एसटीने जाताना दोन्ही बाजूंना कमरेएवढा कापूस, त्यात पिवळी फुलं, मधूनच सोयाबीन आणि मागे सागाचं रान. सागाला पांढरट फुलोरा आला होता. लांबून बघताना सगळ्या झाडांच्या डोक्यावर कोणीतरी साबणाचा फेस ठेवलाय असं वाटत होतं.

दिवाकरराव मोटरसायकल घेऊन घ्यायला आले होते. कमरेला पट्टा, पट्ट्याला वीतभर म्यान, म्यानात सुरी. बसथांब्यावर कोणी दचकलं नाही, यावरून गावाला सवय झालेली दिसली.

"वयनी, बरं झालं तुमी आले. आपल्या लाइनचं मानूस पाह्यजे होतं."

दिवाकररावांची लाइन म्हणजे वनखातं. तिथे ते छत्तीस वर्षं कारकून होते. शिकार होऊ नये म्हणून जे कागद लागतात ते लिहिण्यात त्यांचं आयुष्य गेलं आणि त्यातून त्यांना शिकारी सुऱ्यांचा नाद लागला. निवृत्त होऊन दोन वर्षांपूर्वी ते गावी परत आले. बैठकीच्या खोलीत जिथे इतरांकडे देवीचा फोटो असतो तिथे काचेचं कपाट आहे, आत ट्यूबलाइट, सात खुंट्या आणि सात सुऱ्या.

चहा यायच्या आत मला पाच सुऱ्यांची ओळख करून देण्यात आली. सगळ्यात मोठीचं नाव सरदार. मूठ सांबरशिंगाची दिसत होती. मी नुसतं "शिंग?" म्हटलं तर त्यांनी घाईघाईने म्यानातून एक घडी घातलेला कागद काढला.

"प्लास्टिक हाय वयनी. पावती हाय. मी जवळच ठेवतो. मलेच कोनी पकडलं तं कसं दिसंन?"

दुसरी दातेरी, तिच्या मुठीत होकायंत्र. तिसरी घडीची, चौदा अवजारांची, ती उघडायला दोन माणसं लागतात. चौथी आखूड, पोटाशी वळलेली, कातडी सोलायची, तिला ते ठेंगणी म्हणतात. पाचवी जपानी. ही त्यांची सगळ्यात लाडकी. पातळ, लांब, निळसर पात्याची. ती दाखवताना त्यांनी आधी हात पुसले. सहावी आणि सातवी जुळ्या होत्या, त्यांच्याबद्दल सांगणार तेवढ्यात ताई चहा घेऊन आल्या.

"भावजी, तुम्ही शिकार कधी केली?"

ते खरोखर दुखावले. "शिकार? बंदी हाय ना वयनी!"

"मग या सुऱ्यांनी आजवर काय कापलं?"

उत्तर ताईंनी दिलं. "नातवाचे दोन केक. वाचनालयाची फीत. अन् एकदा दुधी. दुधी कापताना बोट कापलं, तं चार दिवस मीच धुनी-भांडी केली, जसं काई एरवी ह्याईनंच केली असती."

मी माझी पिवळी सुरी काढून दाखवली. दिवाकररावांनी ती दोन बोटांत धरली, उलटसुलट केली आणि सभ्य माणसासारखे म्हणाले, "चांगली हाय. हलकी हाय."

जेवताना मी माझं काम करून बघितलं. म्हटलं, शब्बीरभाईंच्या ओळखीतला दुसरा कोणी बोलवा, अठरा घरांचा प्रश्न आहे. ते भाकरीचा तुकडा मोडत होते, तो हातातच राहिला.

"वयनी, मी छत्तीस वर्सं बाहेर होतो. गावात मले कोनी काई म्हनत नाई, चांगलेच वागते. पन पाहुन्यासारखे वागते. पंगतीत मले पयले वाढते. दोन वर्सांत पयल्यांदा गावानं मले काम सांगतलं. अन् हे काम आपलं हाय, सुऱ्याचं."

ताई माझ्याकडे बघत होत्या. मी अंबाडीची भाजी वाढून घेतली. थांबवायला आलेली बाई पहिल्याच जेवणात हरली.

२ सप्टेंबर, पोळा

वाटे पळसाच्या पानांवर घालतात. म्हणून सकाळी मी आणि दिवाकरराव पानं आणायला रानाच्या कडेला गेलो. आमच्याबरोबर सरदार, दातेरी आणि ठेंगणी. या सुऱ्या कामात कशा ठरतात हे आज कळणार होतं.

सरदारने फांदीवर पहिला घाव घातला. फांदी वाकली आणि परत आली. दुसऱ्या घावाला ती परत येताना दिवाकररावांच्या टोपीसकट गेली. शस्त्र उत्तम होतं, फक्त वजन सगळं मुठीत. पात्याने मारायचं की मुठीने, असा प्रश्न पडावा. दातेरीने फांदी कापली गेली, पण सालीचे धागे दातांत अडकले आणि ते काढायला ठेंगणी लागली. वीस मिनिटांत आमच्याकडे अकरा पानं होती, त्यातली चार फाटलेली.

बाजूच्या बांधावर एक कोलाम आदिवासी बाई विळ्याने गवत कापत होती. तिने बराच वेळ बघितलं. मग ती आली, हाताने देठ खाली ओढून पानं खुडायला लागली. सुरी नाही, विळा नाही. पाच मिनिटांत दोन गठ्ठे झाले.

"पान खुडाचं असते दादा," ती म्हणाली. "झाडानं का तुमचं काई खाल्लं?"

दिवाकररावांनी सरदार म्यानात घातला आणि परतताना मला म्हणाले, "सरदार पानासाठी नाईच. तो मोठ्या कामासाठी हाय."

संध्याकाळी तोरणाखाली बैल उभे राहिले. शिंगांना रंग, पाठीवर झुली, कपाळाला बाशिंगं. आमच्याकडे एवढी सजावट नवरदेवालाही करत नाहीत. झडत्या, म्हणजे पोळ्याची टोमणे मारणारी गाणी, म्हणायची चढाओढ सुरू होती. तेवढ्यात वच्छलाबाईंच्या बैलाचा मागचा पाय त्याच्याच कासऱ्यात अडकला आणि तो उड्या मारायला लागला.

वच्छलाबाई म्हणजे या गावातल्या नाव ठेवणाऱ्या बाई. हे पद कोणी दिलेलं नाही, पण त्यांच्याशिवाय कोणी ते चालवूही शकणार नाही. दरवर्षी त्या अठराही वाट्यांवरून नजर फिरवतात आणि निदान तीन वाट्यांत खोट काढतात. शब्बीरभाईंच्या वाट्यांतसुद्धा.

वच्छलाबाई आणि त्यांचा मुलगा खाली बसून गाठ सोडवत होते. दिवाकरराव "सरका, सरका!" करत पुढे झाले, ठेंगणी उपसली आणि एका फटक्यात कासरा कापला.

मी प्रामाणिकपणे सांगते, काम सुरेख झालं. दोन बोटं जाड दोर, चटकन. मी थिएटरमध्ये इतका स्वच्छ छेद रोज बघत नाही. अडचण एवढीच, की तो कासरा पोळ्यासाठी घेतलेला नवा कोरा, रंगीत गोंड्यांचा होता आणि बैलाला धरायला दुसरं काही नव्हतं. बैल मोकळा झाला, त्याने एकवार सगळ्यांकडे बघून घेतलं आणि झूल, बाशिंग सगळ्यासकट सोयाबीनमधून निघून गेला.

"गाठ सोडून राह्यलो होतो ना आमी!" वच्छलाबाई ओरडल्या. "काहून कापला? हात नाई का आमाले?"

"बाई, जनावराचा पाय..."

"पाय चांगला हाय त्याचा! पाह्य ना कसा पळून राह्यला!" आणि मग जाता जाता, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "अन् हा बुवा उद्या वाटे घालनार हाय म्हने."

पुरणपोळ्या फार चांगल्या झाल्या होत्या. दिवाकररावांनी एकच खाल्ली.

३ सप्टेंबर, कर

पहाटे शब्बीरभाईंचा पुतण्या आला. त्याने दोन्ही बोकड हलाल केले, सोलून कडुलिंबाला टांगले आणि अजून सात गावं आहेत असं सांगून मोटरसायकलवर निघून गेला. कापून वाटे घालायचं काम आमचं.

साडेसातला शब्बीरभाई स्वतः आले. सत्तरीचे, काटक, एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याने अंधुकच दिसतं, आणि वरून काळा चष्मा. त्यांना आणलं त्यांच्या मुलाने, सलीमने. सलीम ट्रॅक्टर दुरुस्त करतो आणि रक्त बघवत नाही म्हणून झाडाच्या पलीकडे तोंड करून उभा राहतो.

"डॉक्टरनं वाकाचं नाई सांगतलं, उचलाचं नाई सांगतलं," शब्बीरभाई बाजेवर बसत म्हणाले. "ऐकाचं नाई असं काई सांगतलं नाई. मी ऐकतो. तुमी कापा."

मी सुरुवातीलाच सगळी हत्यारं स्वच्छ गोणपाटावर मांडली आणि मोजली. सात शिकारी सुऱ्या, आठवी माझी, नववा शब्बीरभाईंचा सत्तूर. प्रत्येकीचं पातं, मूठ, टोक बघून घेतलं. दिवाकरराव म्हणाले, "वयनी, आपन चोर आहो का?" मी म्हटलं, "थिएटरमध्ये डॉक्टरही हेच विचारतात."

कापणं चिंचेच्या ओंडक्यावर चाललं. दिवाकररावांनी आधी सत्तुराला हात लावला नाही. सरदार उचलला, हाडावर मारला. बाजेवरून आवाज आला.

"हड्डीवर मारून राह्यला भाऊ. जोडावर मार."

"तुमाले कसं समजलं?"

"हड्डी बोंबलते. जोड बोलत नाई."

खरोखर तसंच होतं. शब्बीरभाई मान खाली घालून ऐकत बसले आणि प्रत्येक घावाला सांगत राहिले. बोटभर खाली. आता पलटव. ही चरबी हाय, हिले कायले मारतं, सोडून दे. तासाभरात दिवाकररावांनी सरदार धुऊन ठेवला आणि सत्तूर हातात घेतला. त्यानंतर काम चालायला लागलं. मांस सोडवायला ठेंगणी उत्तम. घडीची सुरी उघडताना तिच्यातून फक्त चमचा बाहेर आला, तेव्हा ती बाजूला ठेवली. जुळ्यांपैकी एकीने ताईंनी कोथिंबीर कापली. मी पिवळ्या सुरीने कलेजीचे छत्तीस तुकडे केले, प्रत्येक वाट्याला दोन. आणि सांधे उचकटायला दिवाकरराव, वनखात्यातला वाघाचा किस्सा सांगत, जपानी वापरत होते. मी एकदा म्हटलं, पातळ पात्याने उचकटू नका. ते म्हणाले, "वयनी, जपानी हाय."

मग पळसाची अठरा पानं मांडली आणि वाटे घातले. हे मात्र मी त्यांच्याकडून शिकले. कारकुनीतल्या छत्तीस वर्षांचा उपयोग झाला. त्यांनी आधी नळ्या वाटल्या, मग कलेजी, मग चाप, मग चरबी, एकेका जातीचा तुकडा अठराही पानांवर फिरवत, रजिस्टरमध्ये रकाने भरावेत तसे. दोनदा फिरून कमी-जास्त केलं. साडेदहाला ते उभे राहिले, कंबर धरली आणि अठरा वाट्यांकडे बघितलं. माणसं भांडी घेऊन यायला लागली होती. वच्छलाबाई सगळ्यात पुढे.

मी हत्यारं धुतली आणि मोजली. नऊ होती. पुसताना एकेकीचं टोक बघितलं. जपानीचं टोक नव्हतं. तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा मोडून गेला होता.

मी दिवाकररावांना बाजूला बोलावून पातं दाखवलं. त्यांचा चेहरा बघण्यासारखा नव्हता, म्हणून मी सुरीकडेच बघत होते.

"धुताना पडलं असंन," ते हळूच म्हणाले.

"घमेल्यातलं पाणी मी गाळून बघितलं. नाही."

"ओंडक्यात?"

"बघितला. नाही. भावजी, ते मटणात आहे. अठरापैकी एका पानावर."

"वयनी, माही इज्जत..." त्यांनी भांडी घेऊन उभ्या असलेल्या माणसांकडे बघितलं. "आज हे झालं तं पुन्हा मले कोनी पानी भराचंही काम नाई सांगनार."

"थिएटरमध्ये मोजणी जुळली नाही तर पोट शिवत नाहीत. सर्जन कितीही मोठा असो. तुम्ही सांगता की मी सांगू?"

मला वाटलं होतं ते आणखी थोडा वेळ घेतील. त्यांनी खिशातून रुमाल काढला, हात पुसले, जपानी उचलली आणि पानांच्या पुढे जाऊन उभे राहिले.

"मंडळी, माह्या सुरीचं टोक मोडलं. ते मटनात हाय. सापडेपर्यंत कोनी वाटा उचलू नका. चूक माही हाय."

पुढे आलेली भांडी मागे सरकली. मग वच्छलाबाई.

"पाह्य माय! काल कासरा कापला, आज लोखंड चारून राह्यला!"

त्यानंतर सगळेच बोलायला लागले. कोणी म्हणालं, सगळं मटण परत एकत्र करा. कोणी म्हणालं, शिजवलं की खाली बसेल. दिवाकररावांनी दातेरीच्या मुठीतलं होकायंत्र पानांवरून फिरवून बघितलं, काटा थरथरला आणि वच्छलाबाईंकडे स्थिर झाला. त्या उत्तरेला उभ्या होत्या, पण हे त्यांना समजावून सांगायची ती वेळ नव्हती.

शब्बीरभाईंनी बाजेवरून हात वर केला.

"एक आवाज आलता. टिक् असा. मी समजलो या बेटीची बांगडी वाजली."

"मी कामावर बांगड्या घालत नाही, चाचा."

"मंग तोच." त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. "दुसऱ्या बोकडाची मागची तंगडी. भाऊ वाघाचा किस्सा सांगून राह्यले होते. तं तो तुकडा हड्डीजवळ हाय. सलीम! ए सलीम! इंजिनात नट पडला तं तू कशानं काढतं?"

"चुंबकानं, अब्बा," सलीम झाडाकडे तोंड ठेवूनच म्हणाला.

"मंग उभा काय हायेस?"

सलीम मुकुटबनला जाऊन अर्ध्या तासात परत आला. हातात बशीएवढं काळं चुंबक, त्यावर ग्रीस आणि दोन वॉशर. मी ते उकळत्या पाण्याने धुतलं, स्वच्छ पिशवीत घातलं आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. प्रत्येक तुकडा हातात घ्यायचा, चुंबकाला लावायचा, ठेवायचा. अठरा घरांची माणसं भोवती गोल करून उभी होती. आमच्या थिएटरमध्ये एवढे लोक फक्त मंत्री आला तर असतात.

पहिलं पान, काही नाही. पाचवं, काही नाही. नवव्याला कोणीतरी म्हणालं, "बाईच्या हातात जादू नाई." तेराव्याला ताई मागे उभ्या राहून काहीतरी पुटपुटायला लागल्या, देवाचं असावं.

चौदाव्या पानावर नळीचा तुकडा उचलला आणि तो टक् करून चुंबकाला चिकटला. मी हात सोडला. नळी मांसासकट वटवाघळासारखी लोंबत राहिली.

लोकांनी जो गलका केला तो आदल्या दिवशी बैलांसाठीही केला नव्हता. सांध्याच्या खाचेतून मी चिमट्याने टोक काढलं आणि जपानीला लावून बघितलं. बरोबर बसलं.

"चला, आटोपलं!" कोणीतरी भांडं पुढे केलं.

"थांबा. चार पानं राहिली आहेत."

"आता काहून? सापडलं ना!"

"एकाचे दोन तुकडे झाले नसतील कशावरून?"

लोक कण्हले. मी चारही पानं तपासली. काही नव्हतं. मग म्हटलं, "मोजणी बरोबर आहे. आता न्या."

पण वाटे असे नेत नाहीत. एकाने पाठ फिरवून उभं राहायचं, दुसऱ्याने एका वाट्याला बोट लावून "हा कोनाचा?" विचारायचं, पाठ फिरवलेल्याने नाव घ्यायचं. म्हणजे कोणाला कोणता जाईल हे कोणाच्याच हातात राहत नाही. आणि जो वाटे घालतो त्याला शेवटी उरलेला वाटा. दरवर्षी दुसरा कोणीतरी पाठ फिरवतो. या वर्षी शब्बीरभाई म्हणाले, "मी घेतो नावं. मले पाठ फिरवाचीही गरज नाई."

दिवाकररावांनी मधेच चौदावं पान उचललं. "हा माहा. हा कोनाले नको. माह्या सुरीनं खराब झाला."

आणि इथे मी शहरातली बाई एक गोष्ट विसरले होते, ती वच्छलाबाई विसरल्या नव्हत्या.

"ठेव तो खाली!"

"बाई, मी आपला..."

"वाटे घालनारा आपल्या पसंतीनं वाटा उचलनार? कवापासून? त्याच्यात नळी मोठी दिसून राह्यली!"

"मोठी नाई बाई! सगळ्या सारख्याच हायेत!"

"मंग ठेव खाली. सारख्या हायेत तं कोनालेही येऊ दे."

गर्दीतून दोन-तीन जण वाकून चौदाव्या पानाकडे बघायला लागले. आत्तापर्यंत तो नको असलेला वाटा होता, आता तो सगळ्यांना बरा दिसू लागला. दिवाकररावांनी पान खाली ठेवलं.

सलीमने रक्ताकडे न बघण्यासाठी आभाळाकडे बघत बोट लावलं. "हा कोनाचा?" शब्बीरभाईंनी नाव घेतलं. पुढचा. पुढचा. चौदावा वाटा वच्छलाबाईंना आला.

सगळे थांबले. वच्छलाबाईंनी पान दोन्ही हातांत घेतलं. नळी बघितली, कलेजी बघितली, चाप उलटी करून बघितली. मग उरलेल्या पानांवरून नजर फिरवली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, सावकाश. दिवाकरराव त्यांच्या नजरेमागोमाग एकेका पानाकडे बघत होते. कपाटातल्या सातही सुऱ्या मागितल्या असत्या तर त्या वेळी त्यांनी देऊन टाकल्या असत्या.

"नाव ठेवाले जागाच नाई ठेवली," वच्छलाबाई नाराजीने म्हणाल्या. "अन् इतकं तपासून मटन कोनाच्या घरी येते?" पान भांड्यात ठेवून त्या चालायला लागल्या. चार पावलांवर वळल्या. "दिवाकर, पुढल्या वर्सी सत्तूर घे पयलेपासून. अन् थो वाघाचा किस्सा वाटे झाल्यावर सांगजो."

बुवा म्हणाल्या नाहीत, भाऊ म्हणाल्या नाहीत. नुसतं दिवाकर. ताईंनी पदराने तोंड पुसलं आणि मला कोथिंबीर निवडायला बसवलं.

दुपारच्या रश्श्याने माझं नाक, डोळे आणि कान तिन्ही वाहायला लागले. ज्वारीच्या भाकरीबरोबर मी दोनदा घेतला. दिवाकरराव चार भाकरी जेवले. जेवून झाल्यावर त्यांनी सहा सुऱ्या पुसून खुंट्यांवर लावल्या आणि जपानी स्वयंपाकघरात नेऊन फडताळावर टाकली. "तुटकी कपाटात नाई ठेवत," एवढंच म्हणाले. सातवी खुंटी रिकामी राहिली.

ज्यांना शिकारी सुरी घ्यायची आहे त्यांच्यासाठी माझा अनुभव: आखूड घ्या, होकायंत्राची घेऊ नका, आणि ज्या सुरीला नाव द्यावंसं वाटतं ती हाडापासून लांब ठेवा.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठले, आंघोळ केली, बॅग भरली आणि सवयीने मोजलं. पिवळी सुरी नव्हती. मोरीत बघितलं, भांड्यांत बघितलं. मग बैठकीच्या खोलीत ट्यूबलाइट लावला. सातव्या खुंटीवर ती होती. तिला रेक्झिनचं म्यान शिवलेलं होतं, टाके ओळीत, कारकुनी. आतल्या खोलीत दिवाकररावांचं घोरणं चालू होतं.

मी स्वयंपाकघरात गेले, फडताळावरून जपानी काढली, कप उलटा धरून तिचं मोडकं टोक घासून गोल केलं आणि एक टोमॅटो कापून बघितला. छान कापला गेला. तिला वर्तमानपत्रात गुंडाळून बॅगेत ठेवलं. कपाटात सात, बॅगेत एक. मोजणी बरोबर होती. मी ताईंना उठवलं, चहा घेतला आणि सव्वासातची बस पकडली.